महिन्याला किती लिटर? सोलापुरात छोटी गाडी, पेट्रोलची बचत आणि आपल्या सवयी

जुळे_सोलापूर (धागाकर्ता) · १४ मे

नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची ऑल्टो ८०० आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. घर जुळे सोलापुरात आणि नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, म्हणजे आसऱ्यावरून अशोक चौकमार्गे जाऊन-येऊन रोज १८ किलोमीटर.

दिवाळीनंतर मी एक वही घातली. दर वेळी एकाच पंपावर टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा बंद पडली की थांबायचं, रक्कम गोल करायला वरून थेंबभरही टाकून घ्यायचं नाही. मीटरवरचे किलोमीटर आणि भरलेले लिटर लिहून ठेवायचे. पहिल्या तीन महिन्यांचं ॲव्हरेज निघालं १५.५. एवढीशी गाडी, त्यात एकटा माणूस, आणि लिटरला साडेपंधरा! मनाला लागलं.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो. सगळ्यात आधी टायर. मी हवा डोळ्यांनी बघून भरत होतो. गेजने मोजली तर मागच्या दोन्ही टायरांत २२ पीएसआय निघाली, म्हणजे कमीच. दाराच्या चौकटीवर कंपनीचा आकडा चिकटवलेला असतो, तेवढी भरली. मोजायची सकाळी, गाडी चालवण्याआधी. दुपारी तापलेल्या टायरात हवा जास्त दाखवते आणि पंक्चरवाला उलट काढून टाकतो.

दुसरं म्हणजे पाय. पूर्वी सिग्नल लाल दिसत असतानाही शेवटपर्यंत रेस देत जायचो आणि मग ब्रेक. आता लांबूनच पाय उचलतो, गाडी गिअरमध्येच ठेवतो. इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना आणि इंजिनला वेग असताना पाय काढला की पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो, चाकंच इंजिन फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल घेत राहतं. मला हे बारा वर्षं उलटंच माहीत होतं.

तिसरं, क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय सोडली. चौथं, मोठ्या सिग्नलला आणि रेल्वे फाटकाला इंजिन बंद.

मार्च-एप्रिलचं ॲव्हरेज १९. महिन्याला ६२० किलोमीटर होतात. आधी ४० लिटर लागायचं, आता साडेबत्तीस. पण मे सुरू झाला, एसी लागला आणि परत १७ वर आलो. आपल्या उन्हात यावर काय करता येईल? अनुभवाचं सांगा.

गॅरेज_अशोक_चौक · १४ मे

दादा, हवा आणि क्लच बरोबर धरलंत. माझ्याकडं रोज येणाऱ्या गाड्यांत आणखी दोन गोष्टी दिसतात, त्या लिहितो.

एक, वॉल्व्ह. आपल्याकडं उन्हाळ्यात गाडी गरम व्हायला लागली की थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकायची जुनी पद्धत हाय. गिऱ्हाईक खूश, तापमानाचा काटा वर जात नाही. पण वॉल्व्ह काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिनला पाहिजे तेवढी उष्णता येत नाही. सेन्सर सांगतो इंजिन थंड हाय, मग आतला कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. बारा महिने! तुमची गाडी जुनी हाय, कुणी काढला असेल तर बघून घ्या. काटा मधे यायला दहा-पंधरा मिनिटं लागत असतील तर शंका घ्यायची. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, फॅन लागतो का, हे बघायचं. आणि बोअरचं पाणी घालू नका, कूलंट घाला. आपल्या बोअरचं पाणी किती जड हाय ते नळाला धरलेल्या पांढऱ्या थरावरून कळतंय की. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

दोन, ब्रेक चिकटणं. दहा-बारा किलोमीटर चालवून सपाट जागी गाडी हळूहळू आपोआप थांबू द्या. उतरून चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथं ब्रेक सुटत नाही. अशी गाडी ओढत नेल्यासारखी चालते, चालवणाऱ्याला सवय होते म्हणून कळत नाही.

बाळीवेस · १५ मे

एअर फिल्टर विसरलात का? आपल्या धुळीत दर दोन महिन्यांनी चोंदतो. त्यानं ॲव्हरेज पडतंच.

गॅरेज_अशोक_चौक · १५ मे

कार्ब्युरेटरच्या गाडीत पडायचं, जुन्या मारुती ८०० मध्ये तर लगेच कळायचं. आताच्या गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो, त्यामुळं ॲव्हरेजला फार फरक नाही, पिकअप जातो. पण पिकअप गेला की माणूस पाय जास्त दाबतो. फिल्टर फाटला तर काळ्या मातीची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. म्हणून बदला, महाग नाही.

चाटी_गल्ली · १५ मे

उन्हाचं माझं सांगतो. दुकानाबाहेर दिवसभर गाडी उभी असते. संध्याकाळी चार वाजता दार उघडलं की भट्टीची झळ लागते. लोक दार लावून लगेच एसी फुल करतात. मी चारही काचा खाली घेतो, पहिली दोन-तीनशे मीटर तशीच चालवतो, आतली गरम हवा बाहेर पडते. मग काचा वर, एसी चालू आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबायचं. बाहेरची ४३ डिग्रीची हवा सारखी थंड करत बसण्यापेक्षा आतली थंड झालेली हवा पुन्हा थंड करायला कॉम्प्रेसरला कमी काम पडतं.

डॅशबोर्डवर आणि स्टिअरिंगवर मी आपल्याच गावचा जुना टर्किश टॉवेल पसरून ठेवतो. समोरच्या काचेतून येणारं ऊन डॅशबोर्डच धरून ठेवतो, तोच मग तासभर गाडी तापवत राहतो. लिंबाखाली जागा मिळाली तर थोडं लांब चालत जातो.

गावात चाळीसच्या आत वेग असेल तर काचा उघड्या ठेवून चालतं. हायवेला मात्र काचा उघड्या टाकू नका, हवेचा अडथळा वाढतो, तिथं एसीच बरा.

देवदर्शन_टूर · १६ मे

मी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशी भाडी मारतो. गाडी छोटी, सीएनजी, कंपनी फिटिंग. माझं पोट या ॲव्हरेजवर आहे म्हणून मन लावून लिहितोय.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दीडपट केला तर अडथळा सव्वादोन पट. उंच टपाच्या छोट्या गाडीला हे जास्त लागतं. मी ९०-९५ नं गेलो तर किलोला २५-२६ मिळतं, ७० धरलं की ३१. तेच रस्ते, तीच गाडी. तुळजापूर ४५ किलोमीटर. ९० नं अर्धा तास, ७० नं ३९ मिनिटं. नऊ मिनिटांसाठी पाचवा हिस्सा गॅस जाळायचा का, हे मी प्रवाशांनाही विचारतो. बहुतेक जण हळूच न्या म्हणतात, लहान लेकरं असली तर नक्कीच.

टपावर कॅरिअर असेल तर काम नसताना काढून ठेवा. मी वर्षभर रिकामा मिरवत होतो. वेग वाढला की तो शीळ घालायचा, ते गॅस जळत असल्याचंच लक्षण होतं.

एक कळकळीचं. तुळजापूर घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, बंद तर अजिबात नको. बंद इंजिनावर ब्रेक लाकडासारखा घट्ट होतो, स्टिअरिंग जड होतं. वर धागाकर्त्यानं लिहिलंय तसं गिअरमध्ये पाय उचलला की इंधन तसंही बंदच असतं. म्हणजे न्यूट्रलनं उतारावर काही वाचत नाही, फक्त जीव टांगणीला. मी त्या घाटात नको ते पाहिलंय.

सीएनजी घेणाऱ्यांनी सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते हे लक्षात ठेवा. डिकी जवळजवळ जाते, तेही आधी बघा.

मंगळवार_पेठ · १६ मे

सकाळी लवकर पेट्रोल भरलं तर गारव्यामुळं जास्त मिळतं म्हणतात. आपल्या उन्हात तर मोठा फरक पडत असेल?

गॅरेज_अशोक_चौक · १६ मे

टाकी जमिनीखाली असते ओ. वर ४३ असलं तरी खाली दिवसरात्र फारसा फरक नसतो. तुमच्या वेळेला जमेल तेव्हा भरा. मुद्दाम सकाळी पंपापर्यंत चक्कर मारलीत तर त्यातच जाईल.

मास्तरीण_रेल्वे_लाईन्स · १७ मे

धागा मनापासून आवडला. धागाकर्त्यांची वही मला सगळ्यात मोलाची वाटते. पण एक विचारू का? तुम्ही सगळे लिटरमागे किलोमीटर मोजताय. ॲव्हरेज १९ झालं आणि त्या आनंदात महिन्याचे किलोमीटर ६२० चे ८०० झाले, तर लिटर होतील ४२. म्हणजे सुरुवातीच्या चाळीसपेक्षाही जास्त. वही मात्र सांगेल की प्रगती झाली. वहीत एक रकाना वाढवा: महिन्याला एकूण किती लिटर. हवेत जो धूर जातो तो लिटरांचा जातो. एक लिटर शुद्ध पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, पेट्रोल तर किलोलाही भरत नाही, मग धूर जास्त कसा? कारण पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो, वजन त्याचं वाढतं.

आणि त्या ६२० पैकी नोकरीचे किती? १८ गुणिले २५, म्हणजे ४५०. उरलेले १७० कशाचे आहेत? मला वाटतं दूध, भाजी, क्लास, मेडिकल. दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. त्याच सगळ्यात महाग पडतात, कारण इंजिन थंड असताना हवेच्या मिश्रणात पेट्रोल जास्त जातं, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापल्याशिवाय काम करत नाही. गाडी गरम होते तोवर आपण घरी परत.

विजापूर_रोड · १७ मे

ताई, आमचं एकत्र कुटुंब, सात सीटर गाडी आहे. गावात ९ देते. या धाग्यावर छोट्या गाड्यांचंच चाललंय, आम्ही काय करावं? ९ ची ११ झाली तरी लोक हसतील.

मास्तरीण_रेल्वे_लाईन्स · १७ मे

कुणी हसू नये. गणित करून बघा. १०० किलोमीटरला ९ च्या ॲव्हरेजनं ११.१ लिटर, ११ च्या ॲव्हरेजनं ९.१. दोन लिटर वाचले. छोटी गाडी २० वरून २५ वर नेली तर १०० किलोमीटरला पाचाचे चार, म्हणजे एकच लिटर. तुमच्या दोन आकड्यांचं मोल त्यांच्या पाच आकड्यांच्या दुप्पट आहे. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असंच मोजतात, त्यामुळे हे लगेच दिसतं. सात जण बसून अक्कलकोटला जाताना तुमची गाडी दोन छोट्या गाड्यांपेक्षा बरीच. एकटं माणूस बँकेत जाताना मात्र तीच नेऊ नका.

मोहोळ_ऊसवाला · १८ मे

एका गोष्टीचा उल्लेख कुणीच केला नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या बांधणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल. २०१४ ची गाडी त्यात येते. तेव्हा १९ आणलं म्हणजे धागाकर्त्यांनी खरं तर त्याहून जास्त कमावलंय.

मी ऊस लावतो. या इथेनॉलमुळं कारखान्याकडून पैसे वेळेवर यायला हातभार लागतो, हे मी नाकारणार नाही. पण उजनीचं पाणी किती लागतं तेही मीच बघतो. झाडानं हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत जातो म्हणून हे इंधन हिरवं, हे खरं. पाणी त्या हिशोबात धरत नाहीत. म्हणून मला वाटतं, इथेनॉल घातलेलं पेट्रोलसुद्धा जपूनच जाळावं. जुनी गाडी असेल तर रबरी पाईप तपासून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर चालू करायला विसरू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

होटगी_रोड · १९ मे

मी दीड वर्षापूर्वी छोटी इलेक्ट्रिक घेतली. महिन्याला ७०० किलोमीटर, घरच्या प्लगमधून घेतलेल्या युनिटला ७ किलोमीटर पडतात. म्हणजे १०० युनिट. गावातल्या गर्दीत ती पेट्रोलपेक्षा खूप सरस, थांबलं की काहीच जळत नाही आणि पाय उचलला की थोडी वीज परत बॅटरीत.

बाळीवेस · १९ मे

पण वीज येते कुठून? फताटेवाडीच्या वीज केंद्राची चिमणी होटगी रोडवरून दिसतच असेल तुम्हाला. १३२० मेगावॉट, सगळा कोळसा.

होटगी_रोड · २० मे

प्रश्न रास्त आहे, मीही घेण्याआधी हाच विचार केला होता. माझा हिशोब मांडतो. देशातल्या सगळ्या विजेची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. युनिटला ७ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १०० ग्रॅम. धागाकर्त्यांची ऑल्टो २० देऊ लागली तर २.३ भागिले २०, म्हणजे ११५ ग्रॅम, वर तेल शुद्ध करणं आणि टँकरनं आणणं याचा धूर वेगळा. नुसत्या ग्रिडच्या, म्हणजे तारेनं घरी येणाऱ्या विजेवर फरक आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. नुसत्या कोळशाची वीज धरली तर तोही पुसला जातो.

म्हणून मी गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान मिळालं. आपल्याकडं ऊन भरपूर, दिवसाला सरासरी १२ युनिट येतात. गाडीला महिन्याला १००, बाकी घराला. रविवारी आणि सुट्टीला दुपारी चार्ज करतो, म्हणजे आपलीच वीज आपल्याच गाडीत. मे महिन्यात गाडी उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावत नाही, सावलीत तासभर थांबतो.

ज्यांचं स्वतःचं छत नाही, अपार्टमेंटला राहतात, त्यांनी घाई करू नये असं माझं प्रामाणिक मत. चार्जिंगची सोय आधी.

पार्क_चौक · २० मे

मग धागाकर्त्यांनी जुनी विकून नवीच घ्यावी ना? २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

मास्तरीण_रेल्वे_लाईन्स · २० मे

गरज असेल त्यांनी जरूर घ्यावी, आणि घेताना छोटीच घ्यावी. पण महिन्याला तीस लिटर जाळणाऱ्या माणसानं फक्त पर्यावरणासाठी चालती गाडी बदलू नये. नवी गाडी तयार होताना पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक मिळून काही टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. महिन्याला पाच-सहा लिटर वाचवून तो भरून निघायला बरीच वर्षं लागतात. वडिलांची गाडी आहे, नीट ठेवा, कमी फिरवा.

पुण्याला आम्ही गाडी नेणं बंद केलं. २५० किलोमीटर, दोघं जण. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस आहे, वंदे भारतही २०२३ पासून आहे. पुण्यात उतरून रिक्षा. दमणूक वाचते, वह्या तपासून होतात.

जुळे_सोलापूर (धागाकर्ता) · २० जुलै

दोन महिने गप्प होतो, कारण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिलं, वॉल्व्ह. अशोक चौकवाल्यांची शंका खरी निघाली. माझ्या गाडीत थर्मोस्टॅट नव्हताच. कधी, कुणी काढला कोण जाणे. नवा बसवला, रेडिएटर साफ केला, कूलंट घातलं. जूनच्या तापात काटा मधेच राहिला, वर गेला नाही.

दुसरं, मास्तरीणबाईंचा रकाना. १७० किलोमीटर कशाचे, ते आठवडाभर लिहून काढलं. त्यांचा अंदाज तंतोतंत. दूध, मुलीचा क्लास, भाजी, "जरा जाऊन येतो". लिहायला बसलो तेव्हा वाईट वाटलं. या गाडीसाठी वडील दर रविवारी बादली घेऊन अंगणात उतरायचे, आणि मी ती कोथिंबिरीसाठी बाहेर काढत होतो. मुलीच्या क्लासला आता सायकल, ती तिची ती जाते. दूध चालत. बाकीची कामं कारखान्यातून परत येताना, इंजिन गरम असतानाच. १७० चे ७० झाले.

तिसरं आणि सगळ्यात मोठं. माझ्याच खात्यातले एक जण सैफुलला राहतात. आठ वर्षं आम्ही एकाच गेटमधून दोन गाड्या आत नेत होतो. आता एक दिवस त्यांची, एक दिवस माझी. महिन्याला माझी गाडी १३ दिवस निघते, त्यांना घ्यायला थोडा वळसा पडतो.

जून १५ ते जुलै १५: ३३२ किलोमीटर, १६.४ लिटर. ॲव्हरेज विसाच्या थोडं वर. दिवाळीनंतर ४० लिटर होतं. साडेतेवीस लिटर कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलचा हिशोब धरला तर महिन्याला जवळजवळ ५४ किलो कार्बन डायऑक्साइड. यातले साडेसात लिटर मी चालवण्याच्या सवयींनी वाचवले होते. बाकीचे सोळा बहुतेक गाडी बाहेर न काढल्यानं वाचलेत.

आता अडचण. सोबतीची पुढच्या महिन्यापासून दुसरी शिफ्ट. मला पुन्हा एकट्यानं जायचं नाही. जुळे सोलापूर, सैफुल किंवा आसरा परिसरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीला पहिल्या शिफ्टला कुणी जातं का?

नई_जिंदगी · २१ जुलै

मी जातो. स्कूटर आहे, पावसात हाल होतात. सकाळी ६:४० ला आसरा पुलाजवळ थांबू शकतो, पेट्रोलचे अर्धे पैसे मी देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

गॅरेज_अशोक_चौक · २१ जुलै

दोघं येणार असाल तर मागच्या टायरात हवा परत मोजून घ्या. रस्त्यातच हाय मी.